मान, टाच आणि मूठ

दि. २ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं आणि पत्राआधी पाकिटातला भुसा पोचला. तो गादीवर सांडला. तुझी आजी केरसुणी घेऊन आली आणि म्हणाली, की ही पोरगी लहानपणी टेबलाच्या कडा कुरतडायची ते पुरेसं नव्हतं, आता टपालानेही घर घाण करते. मी म्हटलं, अगं, खार आहे ती, दुसरं काय करणार. पण खरं सांगू? झाडण्याआधी तिने त्यातला चिमूटभर भुसा नाकाशी नेऊन हुंगला. मी पाहिलं ते तिला ठाऊक नाही.

तुझ्या वस्तादांनी तुला पहिली स्वतंत्र गिटार करायला सांगितली हे वाचून मी खुर्चीतून उठलो आणि कुणाला सांगावं ते न सुचून पुन्हा बसलो. लाकूड निवडण्यापासून शेवटचा हात फिरवेपर्यंत सगळं तू एकटी करणार! आणि गिऱ्हाईकही तूच शोधायचं, अशी अट. तर बाईसाहेब, हे पत्र अर्ज समजावे. गिऱ्हाईक सापडले आहे. वय झालेले, शाळेत भाषा शिकवून निवृत्त, स्वभावाने गरीब, थोडे बडबडे.

माझ्या जुन्या गिटारची मान वाकली आहे. त्यामुळे थंडी सुरू झाल्यापासून मी रविवारी जात नाही. तुला आठवतं ना आमचं रविवारचं? दातवाल्याचा दवाखाना त्या दिवशी बंद असतो, म्हणून बाहेरच्या खोलीत रोग्यांच्या खुर्च्या भिंतीला सारून तो ड्रम मांडतो. पोस्टमन बेस गिटार घेऊन माशांच्या काचपेटीशेजारी बसतो. मी खिडकीपाशी. इतकी वर्षं आम्ही तिघं तिथे वाजवतो, पण माशांनी एकदाही तक्रार केली नाही. हल्ली ते दोघं निरोप पाठवतात, की तुझ्यावाचून नुसती धडधड आणि घुमघुम होते, सूर म्हणून काही नाही. मी कळवतो, मान वाकली. काय करणार?

फोन करू नकोस, पत्रच लिही. फोनवर तू नुसती हं हं करतेस आणि मागे रंधा चालू असतो.

आजीचे आशीर्वाद. ती म्हणते, जेवत जा. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा राहू दे. वाढलाच तर माझी हरकत नाही.

तुझा,
आजोबा

दि. ११ फेब्रुवारी

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

अर्ज मंजूर! वस्तादांना विचारलं, तर चष्म्यावरून बघत म्हणाले, की नात्यातलं गिऱ्हाईक सगळ्यात वाईट. ते तक्रार करत नाही आणि मग गिटार पलंगाखाली जाते. त्यांच्या भिंतीवर अशी एक परत आलेली गिटार टांगलेली आहे. दिसायला इतकी देखणी, की पहिल्या दिवशी मी तिच्यासमोर उभीच राहिले होते. पण मालकाच्या हातात ती कधी बसलीच नाही. म्हणून आजोबा, आधीच हात जोडते. माझ्याशी नातीसारखं वागू नका, खडूस गिऱ्हाईकासारखं वागा.

आता तुम्हाला निवड करायची आहे. आधी मान. मानेची मागची बाजू, म्हणजे जी तुमच्या तळहातात येते ती. ती जाड गोल करता येते, लाटणं मधोमध चिरल्यासारखी. पातळ, चपटी करता येते. मधोमध कणा ठेवून होडीच्या तळासारखी करता येते. आणि एक तिरपी असते, एका अंगाला भरलेली आणि दुसऱ्या अंगाला उतरती. ती फार कुणी मागत नाही.

मग टाच. हसू नका, गिटारलाही टाच असते. मान जिथे धडाला मिळते तो लाकडाचा उंचवटा म्हणजे टाच. ती चौकोनी ठेवली तर हात तिथे अडतो, पुढे जात नाही. कोरून गोल केली, तर हात घसरत धडाजवळच्या, वरच्या सुरांच्या पट्ट्यांपर्यंत जातो. मग मानेच्या पाठीवरचं पॉलिश. काचेसारखं चकचकीत की रेशमासारखं मंद? आणि शेवटी रंग. रंगाबद्दल तुम्ही चार पानं लिहाल हे मला माहीत आहे. लिहा.

सोबत एक डबी पाठवतेय. तिच्यात माती आहे आणि लाकडाची एक कांडी. गिऱ्हाईक दूरचं असलं की वस्ताद असंच करतात. माती कांडीभोवती थापायची आणि गिटार वाजवताना मान धरतो तशी डाव्या हाताने मूठ आवळायची. कवितेचं एक कडवं म्हणून होईपर्यंत सोडायची नाही. मग ती वाळवून मला पाठवा. अंगठा कुठे टेकतो, बोटं किती वळतात, सगळं तिच्यात उमटतं. वस्ताद म्हणतात, माणूस तोंडाने काहीही सांगतो, खरं काय ते मुठीला विचारावं.

आजीला सांगा, जेवते. तिला नमस्कार. माया आहेच, ती अशीच पाठवत राहा. वजन नसतं, टपालखर्च वाढत नाही.

तुमची,
खारू

दि. २० फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

मान जाड, गोल. टाच चौकोनी. पॉलिश चकचकीत. म्हणजे थोडक्यात, जुनी होती तश्शी. बघ, किती सोपं गिऱ्हाईक मिळालं तुला!

तू त्या दिवसांत नव्हतीस. तुझी आईसुद्धा नव्हती. पोहण्याच्या तलावामागच्या लांबोळक्या हॉलमध्ये आम्ही शनिवारी वाजवायचो. सकाळी वर्गात मी मुलांना कविता शिकवत असे. आधी चाल, मग अर्थ, हा माझा नेम. चाल लागली की अर्थ मागून मुकाट येतो, वासरू गायीमागून येतं तसा. आणि संध्याकाळी तोच मी, केसांना पाणी लावून, गळ्यात गिटार! मुख्याध्यापकांनी एकदा बोलावून विचारलं, की हे शोभतं का. मी म्हटलं, सर, एकदा ऐकायला या. ते आले, मागच्या भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभे राहिले आणि सोमवारी पुन्हा विचारलं, की हे शोभतं का.

तुझी आजी तेव्हा तलावाच्या तिकीटखिडकीत कामाला होती. आमचं वाजवणं सुरू झालं की ती खिडकी बंद करून दाराशी येऊन उभी राहायची. ती म्हणते, ओले टॉवेल मोजायला. असतीलही बाई टॉवेल. पण दर शनिवारी नेमके त्याच वेळी?

ती जाड मान मुठीत आली, की वाटायचं, जग धरलंय. तीच हवी मला.

आता रंग. सूर्य गेल्यावर ढगांच्या पोटाशी थोडा वेळ एक रंग राहतो बघ. लाल नाही, जांभळा नाही, दोन्हींचा हात सुटत चाललेला. मी त्यावर एक ओळ जुळवली आहे:

रवि मावळला, तरी ढगाला अजून नाही कळले

तो रंग दे. ही ओळ आजीला म्हणून दाखवली. ती म्हणाली, आपल्या जुन्या पडद्यांना तोच रंग होता, विटका जांभळा म्हणतात त्याला. 

डबी सोबत पाठवली आहे. मूठ छान, ठसठशीत उमटली आहे. माझी बडबड तुला गोड वाटते तोवर ती सोसावी, आणि प्रेमात खंड नसावा.

तुझा,
आजोबा

दि. २ मार्च

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

मूठ पोचली आणि कारखानाभर फिरली! आजोबा, केवढा हा पंजा! अंगठा कसा वरून गोल वळून आलाय, बोटं कशी खोल रुतलीयत. मला वाटत होतं तुमचा हात एवढासा आहे. लहानपणी मीच लहान होते, तेव्हा मोठा वाटायला हवा होता, उलटं कसं झालं? वस्तादांनी ती मूठ उजेडात धरून फिरवली आणि म्हणाले, या हाताला जाड मानच शोभेल. म्हणून तुमच्या म्हणण्याप्रमाणे लाकूड कापून मानेला ढोबळ गोलाई देऊन ठेवली आहे. टाच अजून कोरलेली नाही, ठोकळाच आहे.

एकच विचारायचं होतं. मातीत बारीक बारीक काळे केस अडकलेत. पुष्कळ. तुम्ही मांजर पाळलंय का? वस्ताद म्हणाले, तुझ्या आजोबांचे केस अजून काळे आहेत वाटतं. मी म्हटलं, काळे सोडा, केस आहेत की नाहीत इथपासूनच प्रश्न आहे.

घाईत आहे, सरस वाळतोय. राग धरू नका, जीव धरा.

तुमची,
खारू

दि. ६ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहितेय म्हणजे तसंच काही कारण असणार हे तू ओळखलं असशील. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तुझं पत्र आजोबांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, पण मांजराशी येऊन थांबले आणि म्हणाले, पुढे विशेष काही नाही. मग मी ते त्यांच्या चष्म्याच्या घराखालून काढून स्वतः वाचलं.

मांजर नाही. ते केस खालच्या सलूनमधले आहेत आणि मूठही तिथलीच आहे.

झालं असं. त्या दिवशी हे डबी घेऊन कोपऱ्यात बसले. दोनदा माती थापली, दोनदा मोडली. मी विचारलं तर म्हणाले, माती नीट भिजलेली नाही. मग जरा पाय मोकळे करून येतो म्हणून खाली उतरले, डबी शर्टाखाली लपवून. पाय मोकळे करायला माणूस डबी नेतो का? मी गॅलरीत गेले. खाली सलूनवाल्याचं दार उघडंच होतं. एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस लावून ताटकळत बसलेलं, सलूनवाला हातातला वस्तरा खाली ठेवून तुझी माती आवळतोय आणि हे शेजारी उभे राहून हात वर करून कडवं म्हणतायत. चांगलं लांबलचक निवडलं होतं. ते फेसवालं गिऱ्हाईकसुद्धा मान डोलावत होतं. हसू आवरेना मला, पण मग आवरलं.

कारण असं आहे, की थंडीपासून त्यांचा डावा अंगठा बुडाशी सुजलेला आहे आणि वळत नाही. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, औषधाने दुखणं कमी होईल, पण पहिल्यासारखा व्हायचा नाही. बरणीचं झाकण मी उघडते. उजव्या बाहीचं बटण मी लावते, आणि लावताना हे छताकडे बघतात, जणू बटण आपोआप लागतंय. जुन्या गिटारची मान मुळीच वाकलेली नाही, बाळ. ती भिंतीशी ताठ उभी आहे. रविवारी जाणं बंद झालं ते अंगठ्यामुळे, आणि त्यांनी ते त्या दोघा मित्रांना सांगितलेलं नाही.

त्यांच्या मनात असं काहीसं आहे, की नवी गिटार आली की अंगठाही नवा येईल. तुझी गिटार आली आणि हातात बसली नाही, तर हे पुन्हा वाजवण्याचं नावसुद्धा काढायचे नाहीत. हल्ली खिडकीशी बसून असतात. कविता म्हणतात, पण मनातल्या मनात. मला या वयात घरात गप्प माणूस नको आहे. मी बडबड्याशी लग्न केलंय.

तू काय करायचं ते कर. मी सांगितलं हे खुशाल सांग, मी कुणाला भीत नाही. जेवत जा. पत्र फाडू नकोस, मागे कागद कोरा आहे, वापर.

तुझी,
आजी

ता. क. टॉवेल खरोखरच मोजायचे असत.

दि. १२ मार्च

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

मला सलूनवाल्या काकांसाठी गिटार करायची नाही. त्यांना वाजवता येते का? येत असेल तर तसं कळवा, दुसरी करते.

आजीने सगळं लिहिलंय. तिच्यावर चिडू नका, चिडलात तरी तिला काही फरक पडत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी आधी रडले, मग ते फेसवालं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आलं आणि इतकी हसले, की वस्तादांनी रंधा थांबवला. त्यांना सांगावंच लागलं. ते म्हणाले, एवढ्या वर्षांत लोकांनी मला वजन चोरून सांगितलं, वय चोरून सांगितलं, पण हात उसना आणणारा पहिलाच.

आता ऐका. नशीब तुमचं, की सलूनवाल्या काकांचा हात तुमच्यापेक्षा मोठा आहे. त्या मुठीवरून मी मान जाड ठेवली. लाकूड कधीही काढता येतं, परत लावता येत नाही. त्यांचा हात नाजूक असता तर आत्ता मी तुमच्या नावाने बोटं मोडत बसले असते. म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही. तुम्ही मला तुमचा हात द्या, खरा, आत्ताचा. मी त्या हातापर्यंत घासत येते.

आणि टाचेचं नीट समजून घ्या, कारण सगळं तिथेच आहे. मानेच्या खालच्या टोकाला, म्हणजे धडापासून दूर, पट्ट्या एकमेकींपासून लांब असतात, बोटं ताणावी लागतात, अंगठ्यावर जोर येतो. जसजसं धडाकडे जावं तसतशा त्या जवळ येतात. तोच सूरमेळ तिथे धरायचा तर बोटं शेजारी शेजारी बसतात. तुमच्या जुन्या गिटारची टाच चौकोनी, म्हणून तुम्ही तिकडे कधी गेलाच नाहीत. मी टाच कोरून काढली, तर हात अडणारच नाही. आणि मानेला चकचकीत पॉलिश नको. त्याला तळवा चिकटतो आणि मग हात सरकवायला अंगठाच लागतो. मंद पॉलिशवर तो आपोआप सरकेल.

हे सगळं मी करू शकते. पण कुणासाठी करतेय ते मला कळायला हवं. आठवणीतल्या हातासाठी मला गिटार करता येणार नाही. तशी एक भिंतीवर आहे, सांगितलं ना. सगळे तिला बघतात, कुणी वाजवत नाही.

नवी माती पाठवतेय. सलूनच्या दिशेने जाऊ नका. आशीर्वाद द्या, आणि तो डाव्या हाताने दिलात तरी चालेल.

तुमची,
खारू

दि. २० मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझ्या आजीशी मी एक अख्खा दिवस बोललो नाही. तिच्या ते लक्षातच आलं नाही. संध्याकाळी म्हणाली, आज किती शांत वाटतंय नाही? मग मीच बोललो, नाही तर ती सवय लागायची.

तुझं पत्र मी घडी करून ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. तुझं सगळं बरोबर आहे. टाचेचं तर मी वर्गात शिकवावं इतकं सोपं करून सांगितलंस. पण बाळ, एक गोष्ट तुझ्या ध्यानात आलेली नाही, आणि ती सांगितल्याशिवाय मला ती माती हातात धरवेना. हा अंगठा सुजला तेव्हापासून मी त्याला पाहुणा समजत होतो. चार दिवस राहील, जाईल. आपण उगाच तोंड कशाला वाकडं करा? पण तू या हाताच्या मापाची गिटार केलीस की झालं. पाहुणा घरचा झाला. मग हाच माझा हात, असं लाकडावर लिहिल्यासारखं होईल. मला भीती वाटली ती त्याची. बाकी सलूनवाल्याकडे जाणं वगैरे मूर्खपणा होता, ते मान्य. पण कडवं फार छान म्हटलं मी, हेही त्या गिऱ्हाईकाला विचारून बघ.

काल दुपारी बसलो. जेवणाच्या टेबलावर कागद अंथरला, माती थापली आणि आवळली. आवळली म्हणजे काय, जमेल तेवढी. कडवं म्हणायला तोंड उघडलं तर कळ आली आणि शब्दच निघेना. समोर आजी वर्तमानपत्र वाचत होती. तिने मान वर केली नाही. पण पानाआडूनच तिने कडवं म्हणायला सुरुवात केली. दुसरी ओळ पहिली, पहिली शेवटी, यमकाचा पत्ता नाही. शाळेत असती तर बाकावर उभी केली असती. कडवं संपलं तरी ती पुन्हा म्हणत राहिली, मी हात काढेपर्यंत.

मूठ पाठवतोय. पुरी मिटलेली नाही. चार बोटं आपापल्या जागी आहेत, अंगठा तेवढा कडेला राहिलाय, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखा. केस सापडले तर ते आजीचे, पांढरे असतील.

मान तू म्हणशील तशी. टाच तू म्हणशील तशी. पॉलिशही. रंग मात्र मी म्हणतो तोच. एवढं तरी गिऱ्हाईकाला राहू दे.

रागावली नाहीस ना? नसलीस तर तसं कळव आणि असलीस तर जरा कमी हो.

तुझा,
आजोबा

दि. २४ एप्रिल

ती. आजोबा आणि ती. आजी, दोघांना
शि. सा. न. वि. वि.

खोका दोनेक दिवसांत पोचेल. उघडताना आजीने कात्री चालवावी, आजोबांनी फक्त बघावं.

मान तिरपी केली आहे, ती फार कुणी मागत नाही तीच. तुमचा अंगठा जिथे कडेला राहिला होता, तिथलंच लाकूड उतरवलं आणि समोरच्या अंगाला भर ठेवली. म्हणजे त्याला आत यायची गरज नाही. तो बाहेर उभा आहे तिथेच त्याला जागा करून दिली. रोज थोडं घासायचं, मातीच्या मुठीशी लावून बघायचं, पुन्हा घासायचं. टाच तर इतकी कोरली, की मान कुठे संपते आणि धड कुठे सुरू होतं ते बोटांना कळत नाही. मंद पॉलिश. तारा हलक्या लावल्यात, जोर कमी लागेल.

रंगाने मात्र रडवलं. पहिला वांग्यासारखा आला, दुसरा खोकल्याच्या औषधासारखा. सगळा खरवडून पुन्हा. शेवटी संध्याकाळी कारखान्याच्या मागच्या पायरीवर रंग लावून बघायच्या पाट्या आणि ब्रश घेऊन बसले, आणि ढगांकडे बघून मिसळला. वस्ताद येऊन बघून गेले. काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं दोन प्रकारचं असतं, हे चांगल्यातलं होतं.

आजोबा, सुरुवात खालच्या टोकापासून करू नका. धडाजवळून करा. आणि कौतुक लिहू नका, पाया पडते. कुठे दुखलं, कुठे अडलं, ते लिहा. तुम्ही मला निबंधात दहापैकी साडेचार दिले होते. त्याच हाताने लिहा.

दोघांची माया मिळत राहो, मी तिच्यावरच जगते. (आणि जेवते.)

तुमची,
खारू

दि. १२ मे

चि. खारूस,
अ. उ. आ.

आजच रविवार, आजच लिहितोय. गिटार येऊन दोन आठवडे झाले तरी पत्र नाही म्हणून तू नखं खात असशील. पण तू खरं लिहायला सांगितलं होतंस, आणि खरं काय ते मला आज संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. घरी वाजवून काही कळत नाही. घरी माणूस चुकला की थांबतो.

आज गेलो. दवाखान्याच्या पायऱ्या मी मोजत मोजत चढलो, शाळेच्या पहिल्या दिवशी मुलं चढतात तसा. दातवाल्याने दार उघडलं, गिटार बघितली आणि म्हणाला, ही तुझ्याहून तरुण आहे, तुला शोभत नाही. पोस्टमनने तर तिला हातच लावला नाही, आधी हात धुऊन आला. बसलो, सुरू केलं. पहिली चाल निभावली. दुसरीच्या मध्यावर जुन्या सवयीने हात खालच्या टोकाला गेला आणि अंगठ्यातून अशी कळ आली, की सूर तुटला. थांबलो. दोघंही थांबले. 

मग सांगून टाकलं. अंगठा वळत नाही, थंडीपासून, मान वाकल्याची थाप होती. दातवाला म्हणाला, थाप आहे हे ठाऊक होतं, तुझ्या घरून मलाच एकदा निरोप आला होता, की येऊन ती मान वाकलीय का बघून जा. (तुझी आजी!) पोस्टमनने बेस गिटार मांडीवरून उतरवून ठेवली. मग म्हणाला, की त्याला वर्षभरापासून एका कानाने ऐकू येत नाही. इतके दिवस तो माझ्या पायाकडे बघून ताल धरत होता. मी यायचा बंद झालो तर त्याने बघायचं कुणाच्या पायाकडे? दातवाल्याच्या पायाकडे बघितलं तर म्हणे चक्कर येते. दातवाला यावर जे बोलला ते नातीला लिहिण्यासारखं नाही.

मग पोस्टमनने आपली खुर्ची माझ्यासमोर ओढून घेतली आणि आम्ही पुन्हा सुरू केलं. या वेळी मी तू सांगितलंस तिथून निघालो. खारू, आयुष्यभर गिटार वाजवून मी त्या वरच्या घरांत कधी गेलो नव्हतो. तिथे सगळं जवळ जवळ आहे. बोटं शेजाऱ्यांसारखी बसतात. अंगठ्याला तू दिलेल्या जागी तो टेकला आणि मला विसरला, मी त्याला विसरलो. खालचे भरदार सूर माझ्याच्याने आता होणार नाहीत. ते मी पोस्टमनला देऊन टाकले. त्याला खालचे सूर तसेही चांगले ऐकू येतात म्हणाला. माझ्याकडे वरचे राहिले, थोडे, बारीक. पण तेवढ्यांतच चाल अख्खी दिसत होती, कडव्यातल्या गाळलेल्या जागा भराव्यात तशी.

मध्येच एक बाई गाल धरून आत आल्या, दवाखाना उघडा आहे समजून. आम्ही थांबणार, तर त्यांनीच हाताने खूण केली, चालू द्या. भिंतीशी बसून राहिल्या. वाजवणं संपल्यावर दातवाल्याने त्यांची दाढ बघितली. दुखत होतीच म्हणे, पण मध्ये जरा विसरायला झालं.

आता तक्रार. तू मागितलीस म्हणून नाही, खरीच आहे. अंगठा टेकतो त्याच्या किंचित वर, टाचेच्या दिशेने, लाकूड अजून थोडं टोचतं. वाजवताना हात तिथे नेहमी जाणार आहे, म्हणून तेवढं घासावं लागेल. तू सुट्टीवर येशील तेव्हा हत्यारं घेऊन ये. मी धरून बसेन, तू माझ्या हाताला लावून लावून घास. मातीबिती नको, हात इथेच आहे. गुण दहापैकी साडेसात. उरलेले तेव्हा देईन.

ओळी तिरप्या गेल्यात ना? कागद धरायला डावा हात लागतो, आणि आज तो काही धरायला तयार नाही. सबंध दुखतोय, कोपरापर्यंत. फार वर्षांनी असा दुखतोय, वाजवून. आजी शेक द्यायला पाणी तापवतेय आणि तिकडून विचारतेय, की पुढच्या रविवारी निळा शर्ट घालणार की पांढरा. म्हणून इथेच थांबतो, निळा सांगायला जायचंय.

जीव लावलास, तसाच लावून ठेव.

तुझा,
आजोबा